दहाव्या दिवशीचा कुत्रा

अनंता गेल्याचा निरोप ऑफिसात आला तेव्हा मी एक पत्र लिहीत होतो. ते पुरं केलं, टिपकागद फिरवला आणि मग उठलो. महिना होऊन गेला. रडू अजून आलेलं नाही...

ठाकूरद्वारच्या वाडीत आमची बिऱ्हाडं समोरासमोर. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना दोघं मिळून जायचो. घोषणा तो द्यायचा, मी नुसती गर्दीत भर. अशाच एका सभेहून परतताना देवळाच्या कोपऱ्यावर एका तांबूस कुत्र्यानं त्याची पोटरी धरली. शेजारणी हळद-चुना घेऊन धावल्या. त्यांना हसून परत पाठवत त्यानं जखम नळाखाली साबणानं धुतली आणि सकाळी सरळ इस्पितळ गाठलं. डॉक्टर म्हणाले, पोटात चौदा इंजेक्शनं. मात्र कुत्र्यावर रोज नजर ठेवा, दहा दिवसांनी तोच कुत्रा धडधाकट असेल तर उरलेली थांबवू. ते काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. "माझी पत्रिका त्या कुत्र्यापाशी आहे रे," अनंता म्हणाला, "नीट वाच."

तो रोज सुई टोचून घेऊन मग ऑफिस गाठायचा. पोट सुजून टणक झालेलं, पण एक दिवस चुकवला नाही. मध्येच गिरगावात गोळीबार होऊन संचारबंदी लागली, तेव्हाही पोलिसांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवत गेला. मी मात्र चार दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. भित्रा मी पहिल्यापासूनच. दहाव्या दिवशी कोपऱ्यावर गेलो तर तांबूस कुत्रा उन्हात पसरलेला. बिस्किट टाकलं, त्यानं खाल्लं. माझा जीव भांड्यात पडला.

"रोज बघत होतास ना?" अनंतानं विचारलं.

"रोज," मी म्हणालो. तो सुया टोचून घ्यायला संचारबंदीत हिंडला आणि मी घरात बसलो, याची लाज वाटली, एवढंच. इंजेक्शनं थांबली. सुमनवहिनींनी शिरा केला.

दोन महिन्यांनी त्याच्या पोटरीला मुंग्या यायला लागल्या. मग पाण्याचा पेला पुढे केला की घसा आवळायचा. चौथ्या दिवशी सगळं संपलं.

नंतर देवळाबाहेरच्या फुलवालीला मी त्या कुत्र्याबद्दल विचारलं. "तो होय? तो मेला की संचारबंदीत. तोंडाला फेस आलेला. हा त्याच्या पाठचा," ती हार ओवता ओवता म्हणाली. मी डॉक्टरांकडे गेलो. कुत्रा मध्ये चार दिवस दिसला नव्हता, हे तुम्हाला कळलं असतं तर? ते म्हणाले, "चौदाही दिली असती. वाचला असता का, ते मला सांगवत नाही."

तेराव्याला वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे उपकार कसे विसरू? संचारबंदीतसुद्धा त्या कुत्र्यामागे फिरलात." सांगून टाकावं असं वाटलं... पानात जिलबी पडली. मी ती खाल्ली.

अनंताची खुर्ची अजून गॅलरीत आहे. त्याच्या आईला दिसत नाही, म्हणून दर रविवारी तो त्या खुर्चीत बसून तिला वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचून दाखवायचा, मोठ्यानं, जाहिरातींसकट. आता वहिनी वाचतात. माझ्या दारातून शब्द न् शब्द ऐकू येतो. या रविवारी हा लेख येईल. मी दार उघडं ठेवीन.