घासलेलं घुबड

गेल्या दिवाळीत चामराजपेटला अण्णाकडे गेलो ते फक्त एका नाण्यासाठी. अण्णा, माझा थोरला भाऊ. एरवी आम्ही एकमेकांचं तोंड बघत नाही. पण आमच्या वडिलांनी, अप्पांनी, जाण्याआधी आम्हा दोघांना बसवून सांगितलं होतं, अथेन्सचं घुबड धाकट्याचं.

अप्पांकडे जुनी ग्रीक नाणी तीनच. एकावर पंखांचा घोडा, एकावर सिंहाचं कातडं डोक्यावरून ओढलेला हेराक्लीस, आणि तिसरं हे चांदीचं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना, दुसऱ्या बाजूला तिचं बटबटीत डोळ्यांचं घुबड आणि त्यामागे ऑलिव्हची डहाळी. आपल्याकडे ज्याला अभद्र म्हणतात ते पाखरू ग्रीकांनी शहाणपणाच्या देवीला दिलं, याचं अप्पांना कोण कौतुक! नियम एकच. नाणं कडेनं धरायचं आणि कधीही घासायचं नाही. वरचा काळेपणा गेला की नाणं गेलं. अप्पा अण्णाकडेच राहायचे; दर रविवारी मी जे. पी. नगरहून यायचो आणि अप्पा नि मी नाण्यांचा ट्रे घेऊन बसायचो.

त्या दिवशी वहिनी देवघरातून तबक घेऊन आली. लक्ष्मीपूजनाची तयारी झाली होती. देवांच्या टाकांच्या रांगेत माझं घुबड बसलं होतं, लख्ख. दातांची पावडर आणि जुना ब्रश, दुसरं काय! खोबणीतला काळेपणा निघून गेला होता, डहाळी दिसेना. शेकडो वर्षं टिकलेलं एका सकाळीत संपलं.

"पंखाखाली स्वल्प काळं राहिलंय बघा," वहिनी म्हणाली. "घासू काय अजून?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अक्कल गहाण टाकलीय का तुम्ही?"

अण्णा ताडकन उठला. "आवाज खाली. वर्षभर अप्पांची अंथरुणं तिनं धुतली, तू नव्हे."

"मी नाण्याचं बोलतोय."

"मग घे ते आणि चालू पड."

वहिनी रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. "पूजेला ठेवायचं म्हणून घासलं, भावजी. देवांना घासते तसंच. घासायचं नसतं हे मला कुणी सांगितलं?"

मी नाणं मुठीत कोंबलं, फराळाच्या ताटलीला हातही न लावता जिना उतरलो. अथेनेच्या नाकाच्या बेचक्यात पांढरी पावडर अजून तशीच आहे. ती काढायला पुन्हा घासावं लागेल.

वहिनीला मी माफ केलेलं नाही. बहुतेक करणारही नाही. पण तिनं विचारलं त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. रविवारी ती आमच्यासाठी चहा आणायची, कप ठेवता ठेवता ट्रेवर वाकायची, आणि "वहिनी, लांबून" असं दर वेळी मीच म्हणायचो.