चार बोटं

खाडीच्या धक्क्यावर बत्तीस वर्षं पाण्याची उंची मोजणाऱ्या त्या माणसाला सगळे 'फूटपट्टी' म्हणत. भिंतीवर खिळलेल्या आकड्यांच्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते दिवसातून चार वेळा बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच त्याचं काम. पण माणूस काटेकोर. बायको म्हणे, यांना चहा दिला तर आधी कप किती भरलाय ते बघतील, मग पितील.

त्याची मुलगी इंजिनियर झाली. वादळात समुद्र गावात घुसू नये म्हणून खाडीच्या तोंडावर पोलादी दरवाजे बसणार होते आणि त्यांची उंची ती ठरवत होती, बापाच्या वह्यांवरून. या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवा, असं तिने साहेबांना सांगितलं, तेव्हा फूटपट्टीला स्वर्ग दोन बोटं उरला.

निवृत्तीला आठवडा असताना, नवं यंत्र लावायचं म्हणून गवंड्याने जुनी पट्टी उतरवली. मागे खिळ्यांची आणखी जुनी भोकं निघाली, आत्ताच्या भोकांपेक्षा चार बोटं खाली. फूटपट्टीला लगेच आठवलं. अकरा वर्षांपूर्वी होडी आदळून पट्टी निखळली होती. पट्टीची उंची नेमून देणाऱ्या मोजणीवाल्यांची वाट न बघता त्यानेच ती परत ठोकली होती. पट्टी वर चढली, म्हणजे तेव्हापासून पाणी कमी दिसत आलं. आता दरवाजेही तेवढेच बुटके होणार होते.

सगळीच भोकं बुजवू का, गवंडी थापी हातात घेऊन विचारत होता. बुजवली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मोह झाला, खोटं कशाला बोला. पण त्याने गवंड्याला थांबवलं आणि तडक मुलीचं ऑफिस गाठलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, होडी आदळून पट्टी सरकली, एवढंच लिहिते. तुमचं नाव कशाला मध्ये?"

"होडीने पाडली. ठोकली मी. तसंच लिही."

तिने उंची वाढवली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पट्टी पुन्हा बसवताना चूक झाली.' कागद पुढे करताना तिचे डोळे भरले होते. त्याने चष्मा लावून वाचलं, 'झाली' खोडलं, वर 'मी केली' असं लिहिलं आणि सही केली.