न मारलेली किक

वसंता आज सकाळी गेला.

त्याच्या वडिलांची गाडी मी सुरू होऊ दिली नाही. हे आज तरी लिहायला हवं.

सत्त्याण्णव साल. सांगलीत वसंताचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. मी शेजारच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन.

त्याचे वडील, आप्पा, फौजेतून रिटायर झालेले. लष्कराच्या लिलावातून त्यांनी घेतलेली पाचशे सीसीची इंग्लिश मोटरसायकल पाटणजवळच्या गावी गोठ्यात वीस वर्षं पडून होती. इंजिन जाम. पार्ट मिळत नव्हते.

आप्पांना अर्धांगाचा झटका आला. गावी अंथरुणावरून वसंताला म्हणाले, "तिचा आवाज ऐकव रं एकदा. मग घाल मोडीत."

आम्ही गाडी टेम्पोतून सांगलीला आणली.

गाडी जुन्या इंग्लिश मापाची, आपले पाने तिच्या नटांना लागतच नव्हते. आटेसुद्धा वेगळे. मी एकेक पार्ट मोजून ड्रॉइंग काढायचो, वसंता तो लेथवर करायचा.

"ड्रॉइंग लय देखणं हाय गड्या, पण नट बसंना."

मी पुन्हा मोजायचो.

पिस्टन, बुश, व्हॉल्व्ह गाइड. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचं वायंडिंग नव्यानं करून घेतलं. अकरा महिन्यांनी प्लगला निळी ठिणगी पडली.

वसंतानं टाकीत पेट्रोल ओतलं. "मारू का किक? चालली तर आजच टेम्पोत घालून आप्पांपुढं उभी करू."

मी म्हणालो, "पितृपक्ष चालू आहे. एवढं केलंय, आता दसऱ्याला पूजा करून गावीच पहिली किक मार."

"आप्पांचं काय खरं न्हाई रं."

"वीस दिवसांचा तर प्रश्न आहे, वसंता."

त्यानं ऐकलं. शिकलेला म्हणून तो माझं ऐकायचा.

आप्पा नवरात्रात, दुसऱ्या माळेला गेले.

दिवसकार्य झाल्यावर वसंतानं टाकीतलं पेट्रोल काढलं आणि गाडीवर ताडपत्री घातली.

मी एकदा म्हणालो, "सुरू करून तर बघू."

"कुणाला ऐकवायची?"

त्यानंतर हा विषय निघाला नाही. चहा झाले, मुलांची लग्नं झाली. तो मला त्यावरून एका शब्दानं बोलला नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आज वहिनींनी विचारलं, "भावजी, त्या गाडीचं आता काय करायचं?"



वसंता, चूक माझी होती. तुझ्यासमोर बसून हे बोलायला मला एवढी वर्षं पुरली नाहीत.

माझा शेवटचा नमस्कार.