कापराच्या जागी पुदिना

माझा दम एके काळी मुरबाड तालुक्यात प्रसिद्ध होता. भात कापून झालं की आम्ही रिकाम्या शेतात पाणी मारायचो, धुमसानं जमीन चोपून मैदान करायचो आणि त्यावर मुलींची कबड्डी रंगायची. एकदा मी ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत पलीकडे गेले, सातही जणींना शिवले, विहिरीवरून कळशी भरली, ती आणून मध्यरेषेवर ठेवली, तरी दम तुटला नव्हता. पंच तेवढ्यात चहा पिऊन आला होता. हे मी कमी करूनच सांगते. पूर्ण सांगितलं तर कुणाला पटत नाही.

खेळायला उतरण्याआधी रुमालात बांधलेली कापराची पुरचुंडी हातोहात फिरायची. प्रत्येकीनं दोनदा हुंगायची, नाक मोकळं झालं की मैदानाच्या पाया पडून आत. अगदी परवापर्यंत आमच्याकडच्या मुली कापूर हुंगल्याशिवाय रेषेच्या आत पाय टाकत नव्हत्या. आणि नेमकं या सवयीतूनच ते नवं खूळ माझ्या घरात शिरलं.

माझी भाची, डोळखांबच्या भावाची मुलगी, अकरावीपासून माझ्याकडे मुरबाडला राहते. चढाईला गेली की समोरच्या पोरी आधीच आईची आठवण काढतात. भावानं मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "ताई, जिल्ह्याच्या संघात घेतली तर शिकू दे पुढं. नाय घेतली तर बारावी झाल्यावर मी तिला घरी नेतो. स्थळं यायला लागलीत." म्हणजे या पोरीचं सगळं पुढचं आयुष्य तिच्या छातीत मावणाऱ्या हवेवर अवलंबून होतं.

एका संध्याकाळी सरावाला गेले तर रुमाल कुठेच दिसेना. मुली गोल करून उभ्या होत्या आणि करंगळीएवढी एक गुलाबी कांडी एकीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात जात होती. कांडी आणली होती संघातल्या थोरल्या खेळाडूनं. ती वरच्या पातळीवर खेळून आलेली, पांढरेशुभ्र बूट घालणारी, मोबाईलवर तिचे व्हिडिओ पाहायला पोरी जेवण सोडतात. त्या व्हिडिओंत ती मांडीवर थाप मारते आणि तोंडातून असा ढग सोडते की माळशेज घाट लाजावा.

बाजूला कबड्डी मंडळाचे अध्यक्ष कमरेवर हात ठेवून कौतुकानं बघत होते. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"मावशी, नवीन पद्धतीचा कापूर हाय तो. पुदिन्याचा. छाती मोकळी होते."

हा माणूस दर स्पर्धेच्या उद्घाटनाला व्यसनमुक्तीवर पाऊण तास बोलतो. लोक झोपतात, उठतात, वडापाव खातात, तरी त्याचं चालूच असतं. आणि त्याच्या नाकासमोर आमच्या कापराची जागा कांडीनं घेतली, तर याला पुदिन्याचा वास तेवढा आला.

कापूर चार्जिंगला लावतात, हे मला दोन दिवसांनी माझ्याच स्वयंपाकघरात कळलं. मिक्सरचा प्लग काढून तिथं ती गुलाबी कांडी लावलेली.

"हे काय हाय गो?"

"कापूर," भाची म्हणाली.

"मग आरतीला घेऊ?"

ती हसली नाही. "आत्या, सगळ्याच ओढतात. सिगारेट नाय ती, व्हेप हाय. वास नाय, राख नाय, कुणाला कळत पण नाय. आमच्या थोरल्या ताईचा दम बघितलास ना तू?"

"तिचा दम या कांडीच्या आधीचा हाय. तू काल मैदानाच्या दुसऱ्याच फेरीत का थांबलीस?"

तिनं मिक्सरचा प्लग उचलून ओट्यावर ठेवला.

"सकाळी चहाच्या आधी हीच शोधतेस ना?"

"सोडीन मी. जिल्ह्याची निवड चाचणी झाली की."

एवढं बोलताना तिचा डोळा कांडीवरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यावर होता. माझ्या संतापाचा पारा छपराची कौलं फोडून गेला. पोरीवर नाही. तिला कुणी जबरदस्तीनं दिली नव्हती. जिच्यासारखं व्हायचं तिनं दिली, मोठ्या माणसांनी मान डोलावली, मोबाईलनं रोज दाखवली. या सगळ्यातून सोळा वर्षांच्या पोरीनं स्वतःला वाचवायचं कसं? थोरलीला त्या कांड्या कुणीतरी फुकट देत होतं. ती त्या पोरींना फुकट वाटत होती. फुकटातली संपली की पोरी दुकानात जायच्या.

मीही दुकानात गेले. कॉलेजसमोरच, झेरॉक्स आणि वेफर्सचं. गरीब चेहरा करून म्हटलं, "ती पुदिन्याची कांडी द्या हो, भाचीनं मागितलीय." आणि तिचं नाव सांगितलं.

दुकानदार म्हणाला, "तिला पुदिना नको आता. मागच्या वेळेपासून आंबा नेते."

माझ्या घरी राहणाऱ्या पोरीची आवड माझ्याआधी या माणसाला कळली होती. मी विचारलं, "बंदी हाय ना रे यावर?"

"म्हणून तर काउंटरखाली ठेवतो."

"पोरं हायत ती. शाळेतून नुकती सुटलेली."

"मी नाय दिली तर शहापुरात मिळतंय, मावशी. माझंच गिऱ्हाईक कशाला घालवू?"

मग मी आवाज लावला. त्या आवाजानं त्याचं शटर आपोआप अर्ध्यावर आलं, झेरॉक्सच्या मशीनमधून कोरे कागद बाहेर पडले आणि स्टँडवरची एसटी वेळेआधी सुटली, जे त्याआधी कधीच घडलं नव्हतं. बघ्यांपैकी एकजण म्हणाला, "जाऊ द्या मावशी, दारू तर नाय ना पीत पोरं." त्यालाही माझ्या आवाजातला त्याचा वाटा मिळाला. दुकान दोन दिवस बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी उघडलं.

चाचणी शहापूरला होती. भाऊही आला होता, धुतलेला शर्ट घालून. पहिल्या चढाईत भाचीनं दोघींना शिवलं. दुसऱ्या चढाईत रिकाम्या हातानं परतली. तिसऱ्या चढाईत कोपऱ्यातल्या पोरीला शिवून ती वळली, रेषा हातभर राहिली होती, आणि तिचं ‘कबड्डी’ मध्येच तुटलं. खोकला आला. पंचाची शिट्टी वाजली. तीच चढाई, तोच हातभर पल्ला ती रुमालातल्या कापरावर सहज मारायची.

संघ वाचून दाखवला. भाची राखीव.

"राखीव म्हणजे काय गो ताई?" भावानं विचारलं.

मी क्षणभरही थांबले नाही. "तू पुढच्या पेरणीसाठी चांगलं भात निवडून कणगीत वेगळं ठेवतोस ना? ते खातोस का?"

"नाय. बियाणं हाय ते."

"तसंच राखीव. सगळ्यात चांगल्या पोरी जपून बाजूला ठेवतात."

भावानं धुतलेल्या शर्टाची कॉलर सरळ केली. मग मान हलवली. "मग शिकू दे तिला." खूश होऊन त्यानं आम्हाला उसाचा रस पाजला आणि तो डोळखांबला गेला. भाची ग्लासाकडे बघत होती.

परतीच्या जीपमध्ये किन्हवली गाव मागे पडलं. मग भाची म्हणाली, "आत्या, ते बियाणं पेरतात ना पुढं?"

"कीड लागली नसली तर."

तिनं वाकून मोज्यातून गुलाबी कांडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. पायाच्या उबेनं ती गरम झाली होती. म्हणजे पूर्ण चाचणीभर कांडी तिच्याजवळच होती.

"ठेव तुझ्याकडं," ती म्हणाली. "मी मागितली तरी देऊ नको. मी मागीन."

मी मूठ घट्ट केली. मुरबाड आलं तसं ड्रायव्हरला म्हटलं, "स्टँडवर नको रे. कॉलेजसमोर थांबव." दुकान उघडं होतं. बाहेर दोन पोरं उभी होती, गळ्यात अजून शाळेचीच ओळखपत्रं. भाचीला जीपमध्येच बसायला सांगितलं, पदर खोचला आणि छातीत हवा भरत मी खाली उतरले.