तिसऱ्या पानावरची ओळ

तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींचे हिशेब एकत्र करून त्यांचा एकच अहवाल तयार करणं, हे पंचायत समितीत माझं काम होतं. साहेबांना तो वर पाठवावा लागे. वाचायला मात्र कोणालाच नको होता. मला त्याची सवय लागली होती. वाशीमला भाड्याच्या दोन खोल्या, एकटीचा स्वयंपाक, मुलगी लग्न होऊन नागपूरला. घरी बोलायला कोणी नसे, म्हणून संध्याकाळच्या एसटीपर्यंत मी ऑफिसात गावागावांचे आकडे जुळवत बसे. खोटं कशाला सांगू, अहवालाच्या दिवसांत मला जरा कमी एकटं वाटायचं.

अहवाल वाटायच्या सभेत मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. आमच्याकडे रीतच पडून गेली होती. शिपायाने प्रत हातात दिली की सरपंच आपल्या गावाचं पान शोधत, टरकन फाडून खिशात घालत आणि उरलेला गठ्ठा खुर्चीवर टाकून पोहे खायला जात. एकदा मी म्हटलं, "अहो, सगळ्यांचं मिळून काय होतं तेही बघा." शिरपूरकडचे एक सरपंच म्हणाले, "मॅडम, दुसऱ्याच्या गावचं वाचून आमी काय करू? आमच्या गावचं तं आमाले पाठ हाय." सगळे हसले. मीही हसले, पण आतून जळाले. उरलेले गठ्ठे मीच गोळा करून कपाटात ठेवले.

त्या वर्षी दोन शेजारच्या गावांच्या हिशेबात मला एक गोष्ट सापडली. दोघांनाही एकाच विहिरीवरच्या पंपाचं पाणी. एका गावाने लिहिलं होतं, विजेचं बिल शेजारचं गाव भरतं. शेजारच्या गावाने नेमकं उलटं लिहिलं होतं. वेगवेगळी बघितली तर दोन्ही पानं चोख. एकत्र ठेवली की कळायचं, बिल कोणीच भरत नाही. मी हरखलेच. माझा अहवाल पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामी येणार होता. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत मी ते लिहिलं आणि सभेत तोंडातून शब्द काढला नाही. म्हटलं, बघू तरी कोण वाचतं.

पानं फाडली गेली, पोहे संपले, जीपा निघून गेल्या. पुढचे कितीतरी दिवस मी वाट बघितली. कोणीतरी येईल आणि विचारेल, मॅडम, हे काय लिहिलंय? डबासुद्धा दाराकडे तोंड करून खायची.

एप्रिलात पंपाची वीज कापली. त्यातल्या एका गावच्या सरपंच बाई ऑफिसात आल्या. माझ्याच वयाच्या, उन्हाने तोंड लाल झालेलं. "मॅडम, माही सून ओली बाळंतीन हाय, तरी शेतातून पानी आनून राह्यली. आमच्या कागदात तं बिल बराबर हाय ना?"

मी कपाटातून अहवाल काढला आणि तिसरं पान त्यांच्यापुढे केलं. एकेका शब्दाखाली बोट ठेवत त्यांनी ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

"म्हंजे तुमाले पयलेच मालूम होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

लिहिलं होतं ना, असं ओठांवर आलं होतं. पण मला खरंच लाज वाटत होती. दुसऱ्यांनी माझं वाचावं या हट्टापायी मी दोन गावं तहानलेली ठेवली होती. बाई चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या चिडल्या नाहीत. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "रोज आमच्या फाट्यावरूनच तं जाते तुमची गाडी. उतरल्या असत्या. घरी येऊन च्या पेल्या असत्या, बसल्या बसल्या सांगतलं असतं."

इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या तालुक्यात मला कोणी घरी बोलावलं नव्हतं. त्यांनी बोलावलं, तेव्हा त्यांच्या घरात चहापुरतंही पाणी नव्हतं.