पदर सावरताना

विजयमालाच्या डाव्या चपलेला ट्रकच्या टायरचा दोन बोटं जाड तुकडा ठोकलेला होता. उजवीला नव्हता. त्यामुळं सांगलीच्या त्या गल्लीतून ती चालली की आधी ठक् आणि मागोमाग सर्र असा आवाज यायचा. दारात तांदूळ निवडत बसलेल्या बाया मान वर न करता म्हणायच्या, "आली विजू." फक्त एका दारात हा आवाज आला की निवडणं थांबायचं, ताट उचललं जायचं आणि सुलाबाई आत निघून जायची. चार वर्षं विजयमाला हे बघत होती. त्या दारापुढनं जाताना ती डावा पाय मुद्दाम जरा जोरात टाकायची.

ती मूळची सातारा जिल्ह्यातली, कोरेगावकडची. वडील फौजेत होते, म्हणून पोरीला सातवीपर्यंत शाळा मिळाली. लग्न होऊन सांगलीत आली तेव्हा नवरा, कृष्णात, कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर कामाला होता. रोज सायकलवरून जायचा, यायचा. घरात सासू नव्हती. नळावर भांडायचं कसं, रॉकेलच्या रांगेत घुसायचं कसं, इथल्या काळ्या चटणीत काय काय पडतं, हे सगळं शेजारच्या सुलाबाईनं शिकवलं. विजयमाला तिला सुलाक्का म्हणायची. माहेरची आठवण येऊन रडू आलं तर त्या घरी जाऊन रडायची.

सत्तर सालच्या दिवाळीआधी कृष्णात तिला बाजारातून डबलसीट घेऊन येत होता. दुपारची वेळ, गल्ली झोपलेली. गल्लीच्या तोंडाशी दादासोची जीप वळणावर हॉर्न न देता, उलट्या बाजूनं आत शिरली. दादासो ऊसवाहतुकीचा ठेकेदार, स्वतःच चालवत होता. कृष्णात गटारात पडला. विजयमाला जीपच्या चाकाखाली आली. गिरणीपुढं दळणाचा डबा घेऊन उभी असलेली सुलाबाई धावत आली. तिनं विजयमालाचा पाय मांडीवर घेतला, स्वतःचा पदर टराटरा फाडून बांधला आणि जीपकडं बघून ओरडली, "मुडद्या, डोळं फुटलं हुतं व्हय रं?"

आणि तिसऱ्या दिवशी त्याच सुलाबाईनं पोलिसांच्या कागदावर अंगठा दिला. कागदात लिहिलं होतं: बाई सायकलवर मागे बसली असता पदर सावरताना तिचा तोल गेला व ती स्वतःहून जीपपुढे पडली. महिन्याभरात सुलाबाईचा थोरला, अर्जुना, दादासोच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला.

मिरजेच्या दवाखान्यातून विजयमाला तीन महिन्यांनी घरी आली, तेव्हा हाड जुळलेलं होतं पण पाय आखूड झाला होता. नळावर तिनं बायांना सांगून बघितलं. बाया ऐकायच्या आणि बादली उचलायच्या.

"अगं, पंचनाम्यात लिवलंय तसं," बयाबाई म्हणाली. "कागद कशाला खोटं बोलंल?"

दुसरी म्हणाली, "पर मी म्हंते, बाईमाणसानं डबलसीट बसावंच कशाला?"

घरी कृष्णातही म्हणाला, "जाऊ दे गं. नशीब म्हणायचं." त्या रात्री तिनं त्याला भाकरी वाढली, कोरड्यास वाढलं नाही. त्यानंही मागितलं नाही. कोरडी भाकरी पाण्याबरोबर खाऊन तो उठला.

तेव्हापासून तिनं बोलणं सोडलं. मनातल्या मनात मात्र ती एकच प्रसंग घोटून घोटून गुळगुळीत करत राहिली: सुलाबाई सगळ्यांसमोर उभी आहे आणि म्हणतेय, जीपची चूक होती. दादासोवर तिचा राग होता, पण तो उन्हावर असावा तसा. त्याच्या घरी जाऊन ती कधी रडली नव्हती.

पंच्याहत्तरच्या जानेवारीत पुण्याहून एक प्राध्यापक सांगलीला आले. शहरातली वाहतूक, रस्त्यावरचे अपघात आणि लोकांना त्याबद्दल काय वाटतं, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. उसाचे ट्रक गावातून जावेत की बाहेरून, हा त्यातलाच एक प्रश्न. आधी कॉलेजची मुलं घरोघर पाठवली. बाया दाराआडून सांगायच्या, "मालक घरात न्हाईत," आणि कडी घालायच्या. मग लिहितावाचता येणाऱ्या बायका शोधणं सुरू झालं. विजयमाला आपण होऊन गेली.

"मला आमचीच गल्ली द्या," ती म्हणाली.

"ओळखीच्या माणसांना विचारणं तुम्हाला अवघड जाईल, बाई."

"मला न्हाई जाणार. त्यांस्नी जाईल."

प्राध्यापक हसले. त्यांना ती विनोदी वाटली. त्यांनी शिकवलं, की नाव लिहायचं नाही, घराचा नंबर लिहायचा नाही. प्रश्न वाचायचा आणि गप्प बसायचं. उत्तर सुचवायचं नाही.

गप्प बसणं तिला चांगलं जमत होतं. ती घरात शिरायची, भिंतीला टेकून बसायची आणि डावा पाय लांब करायची, कारण तो दुमडतच नव्हता. मग वाचायची, "अपघात झाला तर चूक बहुतेक कुणाची असते? पायी चालणाऱ्याची, सायकलवाल्याची, गाडी चालवणाऱ्याची, रस्त्याची, की नशिबाची?"

बयाबाई म्हणाली, "नशिबा..." तिची नजर त्या पायावर गेली. "न्हाई गं, गाडीवाल्याचीच. लिव, गाडीवाल्याची."

गिरणीवाल्या कोंडीबाच्या घरी बायकोच्या आधी तोच बोलायला लागला. "सायकलवालं बी लय माजल्यात आता. हात न दावता वळत्यात. घंटी तर..." बायकोनं त्याला कोपर मारलं. "पर गाडीवालंच जास्ती. सरळ हाय की. तू च्या घे, विजू."

प्रत्येक दारात हेच. डबलसीट बसावंच कशाला म्हणणारीनं तर एका दमात सगळ्या ट्रकवाल्यांना फासावर दिलं. विजयमालाला आतून हसू फुटत होतं. ते तिनं दाताखाली धरून ठेवलं आणि जिथं खूण करायची तिथं केली.

सुलाबाईचं घर तिनं शेवटी ठेवलं. आणि दिवस ठेवला संक्रांतीचा.

संक्रांतीच्या दिवशी दारात आलेल्या सवाष्णीला कोण परत पाठवतं? ठक् सर्र आवाज ओसरीपर्यंत आला तेव्हा सुलाबाई ताट उचलून आत पळू शकली नाही. तिनं चटई टाकली. चहा ठेवला. तिळगुळाची वाटी पुढं केली.

"घे. गोड बोल."

"गोड नको," विजयमाला म्हणाली. "खरं बोला."

तिनं प्रश्न वाचला. सुलाबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"नशिबाची. लिव नशिबाची."

विजयमालानं लिहिलं नाही. ती पाय लांब करून बसून राहिली. चहावर साय धरली. बाहेर पोरं एकमेकांच्या तोंडात तिळगूळ कोंबत होती. बऱ्याच वेळानं तिनं पुढचा प्रश्न वाचला.

"तुमी सोता डोळ्यानं कवा अपघात बघितलाय का?"

सुलाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला, पण आवाज बाहेर आलाच. "बघितला गं बाई. जीपची चूक हुती. तो उलट्या अंगानं आला. मी बघितलं की सगळं! अर्जुनाला कुठं काम मिळंना. घरात बसून बसून दारूला लागला हुता. दादासोचा माणूस आला, म्हनला, निस्ता अंगठा द्या. मी दिला. तुजा पाय ह्या मांडीवर हुता विजू, आजून जड लागतोय मला." तिनं डोळे पुसले. "लिव ते. सगळं लिव. माजं नाव घालून लिव."

"नाव लिवायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

"मग गाडीवाल्याची म्हणून लिव. लिव, मी बघते."

चार वर्षं विजयमालाला वाटत होतं, हे ऐकलं की आपल्या छातीवरचा धोंडा उतरेल. तिनं समोर बघितलं. धोंडा उतरला होता, पण सुलाबाईचा. तिचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा दिसत होता, घामेजलेला आणि सैल. ती हलकं हसलीसुद्धा. विजयमालाचा पाय होता तेवढाच होता.

ती कागदावर वाकली आणि नशिबापुढं खूण केली.

"लिवलंस?" सुलाबाईला अक्षर येत नव्हतं.

"लिवलं."

सुलाबाई लगबगीनं उठून कुंकवाचा करंडा घेऊन आली. चार वर्षांत पहिल्यांदा विजयमालानं तिच्यापुढं कपाळ केलं. वर चहाही घेतला, गार झालेला, सायीसकट.

महिन्याभरानं प्राध्यापकांनी शाळेत सभा घेतली. पहिल्या खुर्चीवर दादासो. मागं सतरंजीवर गल्ली. प्राध्यापक म्हणाले, की शहरात इतर ठिकाणी लोक सायकलवाल्याला नाहीतर नशिबाला दोष देतात. "परंतु या गल्लीतलं मत आश्चर्यकारक आहे. एक घर सोडलं तर प्रत्येक घरानं जबाबदारी वाहनचालकावर टाकलेली आहे. इतकी जागरूकता मी कुठेही पाहिली नाही."

टाळ्या पडल्या. मग कुणीतरी विचारलं, "आणि त्या एका घरानं काय सांगितलं?"

"नशीब."

आपण काय बोललो ते ज्याला त्याला माहीत होतं. एकेक करून माना सुलाबाईकडं वळल्या.

ती ताडकन उभी राहिली. "मी न्हाई! मी गाडीवाल्याची म्हनलं हुतं!"

दादासोनं खुर्चीतल्या खुर्चीत मागं वळून बघितलं. अगदी गोड आवाजात विचारलं, "कुठल्या गाडीवाल्याची, सुलाबाई?"

अर्जुना आता क्लीनर नव्हता. दादासोच्याच ट्रकवर ड्रायव्हर होता, दाराशी उभा राहून आईकडं बघत होता. सुलाबाई खाली बसली.

दुसऱ्या दिवशी नळावर बायांनी तिला गाठलं. ज्या तोंडांनी चार वर्षांपूर्वी विजयमालाला गप्प केलं होतं, तीच तोंडं.

"अगं, आख्ख्या गल्लीनं पोरीची बाजू घेतली, आन् तुजं मातर नशीबच?"

"संक्रांतीला तिला कुंकू लावलंस, आन् वर हे?"

"मी तसं न्हाई म्हनलं गं!" सुलाबाई रडकुंडीला आली होती. "देवाशपथ न्हाई म्हनलं!"

"कागदावर हाय की," बयाबाई म्हणाली. "कागद कशाला खोटं बोलंल?"

तेवढ्यात ठक् सर्र आवाज आला. सुलाबाईनं बाया बाजूला सारल्या आणि विजयमालाचा हात धरला. "विजू, सांग की ह्यांस्नी. तुज्यासमोर बोलले मी. तू हुतीस की तिथं!"

विजयमालानं हात सोडवून घेतला. घागर नळाखाली लावली, भरेपर्यंत थांबली, मग कमरेवर घेतली. नंबर तिचा नव्हता, पण बायांनी आपापल्या बादल्या मागं ओढल्या.

"मी हुते," ती म्हणाली. "पर मला काय दिसणार, सुलाक्का? मी पदर सावरत हुते."