काकूंनी चौकाला नाव नको म्हटलं

मंडळी, आज सांगलीत आमच्या गल्लीची बैठक झाली. विषय होता चौकाला नाव द्यायचा. मी शांताकाकूंचं नाव सुचवलं, कारण महापुरात त्यांनी अख्ख्या गल्लीला जेवू घातलं होतं.

काकू म्हणाल्या, "माझं नाव कशाला रं? पाणी कुठवर आलतं, ते लिवा. नव्या भाडेकरूंना कोण सांगणार?"

नावाचा विषय तिथंच मिटला. शिडी आणली आणि चौकातल्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, मी लाल रेघ मारली.

तळमजल्यावर नुकतीच राहायला आलेली एक पोरगी बाळाला कडेवर घेऊन बघत राहिली. "काकू, परत आलं तर?"

"तर सरळ माझ्या माडीवर यायचं. लय जागा हाय."

नदीकाठच्या लोकांनो, तुमच्या गल्लीत अशी रेघ आहे का? नसेल तर उद्याच मारा.